पडद्यावरची चिकटपट्टी

काकांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, जखमेवर लावतात तसली एक चिकटपट्टी होती. मी त्यांच्याकडे कामाला लागले त्या दिवशी मला वाटलं, काच तडकली असेल. नखाने उचकटून बघायला गेले तर मागून आवाज आला, "हात लावू नकोस. त्याच्याखाली सैतान बसलाय."

सैतान म्हणजे एक बटण होतं. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बटण दाबलं की आवाजाचा कुठलाही तुकडा, ढोलकीचा म्हणा, बँजोचा म्हणा, गाण्याच्या वेगाला आपोआप जुळतो. संथ असेल तर आवळला जातो, घाईचा असेल तर ताणला जातो, आणि मुकाट्याने ठेक्यावर येऊन बसतो. आमच्या धंद्यातले लोक ते बटण दिवसातून शंभर वेळा दाबतात. काकांनी ते झाकून टाकलं होतं. आता गंमत अशी की पट्टी होती काचेवर आणि बटण होतं आतल्या खिडकीत. खिडकी जरा सरकली की पट्टीखाली भलतंच काहीतरी यायचं. मग काका माऊसने ती खिडकी ओढून ओढून बरोबर पट्टीखाली बटण आणून ठेवायचे आणि मगच कामाला बसायचे. रोज सकाळी हा सोहळा. मी मागे उभी राहून कपाळाला हात लावायची.

जुन्या पनवेलात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. आता तो मी चालवते; काका मुलीकडे नाशिकला असतात आणि त्यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. पण तेव्हा कान शाबूत होता. गिरणीवर स्टुडिओ ही कल्पनाच मुळात डोकं फिरलेल्या माणसाची. गिरणी चालू असली की खालून घरघर यायची आणि माइकवर पीठ बसायचं. गिरणीवाला दुपारी दोन ते चार झोपायचा. तेवढ्या दोन तासांत आमचं रेकॉर्डिंग. पंखा बंद, खिडक्यांना गाद्या, पुढे गायक घामाने निथळतोय आणि काका खांद्यावरचा पंचा पिळतायत. खारघरला तेव्हा वातानुकूलित स्टुडिओ निघाले होते. मीही तिकडच्याच कॉलेजातून साउंडचा कोर्स करून आले होते. मैत्रिणी विचारायच्या, कुठे लागलीस? मी सांगायची, गिरणीत.

"काका, जागा बदला ना," मी एकदा म्हटलं.

"का? गिरणी छान चालते. सहाशे साठला. पट्टा सैल झाला की सहाशे चाळीसला येते. मग मी खाली जाऊन सांगतो."

खरंच सांगायचे. गिरणीवाला पट्टा घट्ट करायचा आणि बदल्यात आमचे गहू फुकट दळून द्यायचा.

वेग मोजणं हा त्यांचा श्वास होता. मिनिटाला किती ठोके पडतात, एवढ्या एकाच मापाने त्यांनी सगळं जग मोजून ठेवलं होतं. कुकरची शिट्टी, रिक्षाचा लुकलुकणारा दिवा, भाजीवालीचं ओरडणं, सगळ्याला आकडा. माणसांनासुद्धा. जिना चढून कोणी येत असलं की काका डोळे मिटायचे आणि चपलेचं टोक जमिनीवर आपटायचे. "शहाण्णव. बँजोवाला आला." दार उघडावं तर बँजोवालाच. मी एकशे बारा. "घाईची आहेस. जिना संपायच्या आत बोलायला लागतेस," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा एकदा मला न्यायला स्टुडिओवर आला. तो जिना उतरून गेल्यावर काका म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी. चांगला आहे. तूच त्याला फरपटत नेशील." आमच्या संसाराविषयी इतकं अचूक वाक्य नंतर माझ्या सासूबाईंनाही सुचलं नाही.

हे खूळ आलं कुठून, तर तळोज्याच्या एका कंपनीतून. तिथे ते बावीस वर्षं मशीनवर होते. कॉम्प्रेसर बिघडायच्या आधी त्याचा ठेका चुकतो, हे त्यांना मीटरच्या आधी कळायचं म्हणे. एकदा त्यांनी मशीन बंद करा म्हणून आरडाओरडा केला, साहेबाने ऐकलं नाही, मशीन बसलं, आणि कोणालाही काही झालं नाही तरी काका म्हणाले, जिथे कान असलेल्याचं ऐकत नाहीत तिथे राहायचं नाही. नोकरी सोडून आले आणि हळदीची गाणी करायला लागले.

आमच्याकडचं हळदीचं गाणं म्हणजे काय, हे पनवेल-उरणच्या माणसाला सांगायला नको. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात जे वाजतं आणि ज्यावर आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात, ते. नवरीचं नाव, गावाचं नाव, मामाचं नाव घालून नवं गाणं करून घ्यायची हौस असते. आमचं पोट त्यावर. आणि काका गिऱ्हाइकांशी इतके वाकडे वागायचे की मला वाटायचं, उद्या उपास पडणार. एका नावाजलेल्या गायकाने, मशीनवर सूर ओढून घ्या, मला चहाला जायचंय, असं म्हटलं, तर काकांनी त्याला चहाला पाठवलं ते कायमचं. मी चिडले की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "माणसाखाली ठेका सरकवायचा. ठेक्याखाली माणूस द्यायचा नाही." म्हणजे गाणाऱ्याचा तुकडा ताणायचा नाही, तो जिथे हळू होतो तिथे गाण्यालाच हळू करायचं, ठोका-ठोका हाताने मागे-पुढे सरकवत. जे काम बटण एका क्षणात करतं त्याला काकांना तीन दिवस लागायचे. मला हे तत्त्वज्ञान मान्य नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते हट्टाचं सोवळं वाटायचं.

मग ती दोघं भावंडं आली.

करंजाड्याहून आली होती. विमानतळासाठी गाव गेलं तेव्हा तिकडे प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग उभी राहिली, त्यातल्या फ्लॅटमध्ये राहत होती. भाऊ तिशीचा, गळ्यात जाड साखळी, बोलणं मोकळं. बहीण पंचविशीची, तळोज्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. तिचंच लग्न होतं. भावाने फोन पुढे केला.

"आमची आय धवलारीन व्हती. गेली त्याला वरीस झाला. ह्या फोनमदी तिचा गाना सापरला. आता ह्याच्याखाली असा दनका टाका का सगला मांडव उठला पायजे. बहिनीच्या हलदीला आय गानार म्हंजे गानार."

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. लग्नाचे सगळे विधी तिच्या गाण्यावर पार पडतात. मांडवात तिचा मान मोठा. ह्यांच्या आईने एका दुपारी, घरी कोणी नसताना, मुलीच्या जुन्या फोनवर एकटीने चार मिनिटं गाऊन ठेवलं होतं. कोणाला बोलली नव्हती. ती गेल्यावर मुलीला ते सापडलं.

"हळद कधी आहे?" मी विचारलं.

"नऊ दिवस हायत," मुलगी म्हणाली.

काका नेमके तापाने घरी होते. मला वाटलं, बरं झालं. नऊ दिवसांत ह्यांचे दोन ठोके सरकले असते. मी पट्टी उचकटली. हो, उचकटली. गाणं ऐकलं, आवाज जाड, उन्हात वाळलेला, सुरेख. पण एक ओळ म्हणायची आणि थांबायची. दुसरी म्हणायची, थांबायची. चार मिनिटांत निम्मी शांतता. वयस्कर बाई, दम लागत असेल, असं मी धरून चालले. मी सगळ्या रिकाम्या जागा कापून टाकल्या, शेवटी गाणं संपल्यावरचा फोनचा खरखराटही कापला, ओळींना ओळी जोडल्या, वेग एकशे सव्वीस, बटण दाबलं. चाळीस मिनिटांत आई ठेक्यावर बसली. खाली ढोल, संबळ, बँजो. मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी भावंडांना ऐकवलं. भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या नाचायला लागला. "वाट लावलीस ताय! मस्त!" बहीण ऐकत राहिली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्पीकरकडे.

"आय हाय," ती म्हणाली. "पन काय तरी ऱ्हायलाय."

"काय राहिलंय? सांग, घालते."

"मना नाय म्हाईत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. भाऊ म्हणाला, तिचा सोरा, ती आयच्या नावान् सारखी रडतेच. पण मी चाळीस मिनिटांचं यश घेऊन बसले होते आणि त्यातली सगळी हवा निघून गेली.

काका आले ते जिन्यातच थांबले. वरून माझं गाणं वाजत होतं. आत आले, पडद्याकडे बघितलं. पट्टी नव्हती. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ते फक्त म्हणाले, "गाळलेलं कुठंय?"

"गाळलेलं काही नाही, काका. शांतता होती. रिकाम्या जागा."

"मोजल्यास?"

"रिकामी जागा काय मोजायची?"

त्यांनी कानाला हेडफोन चढवून मूळ गाणं लावलं आणि चपलेचं टोक आपटायला लागले. पूर्ण ऐकलं. परत लावलं. मग कागद घेऊन बसले. ओळ आठ ठोक्यांची, पुढची जागा आठाची. ओळ लांबली, बारा ठोके झाली, तर जागाही बाराची. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "दम लागलेला माणूस इतक्या हिशेबात थांबत नाही. ही दमलेली नाही. ही वाट बघतेय."

त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. "तुझ्या आईबरोबर कोण गायचं?"

मुलगी पलीकडून म्हणाली, "मावशी."

धवला एकटीने गायचा नसतो. एक ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ उचलून परत म्हणते. ह्यांच्या आईची जोडीदारीण म्हणजे शेजारची बाई, नात्याची नाही, पण सगळे तिला मावशी म्हणत. तीस वर्षं दोघींनी पंचक्रोशीतली लग्नं लावली. गाव उठलं तेव्हा एकीचं बिऱ्हाड करंजाड्याला आलं, दुसरीच्या मुलाने उरणकडे घर घेतलं. दोघींच्याही गुडघ्यांनी मान टाकलेली. फोनवर बोलायच्या म्हणे, पण फोनवर काही धवला होत नाही. एकटीने गातानासुद्धा त्या आईने दुसरीची जागा सोडली होती, आणि ती जागा मी केर काढावा तशी काढून टाकली होती. मला त्या क्षणी जी लाज वाटली ती अजून पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांच्या स्कूटरवरून आम्ही उरणकडे निघालो. ती स्कूटर ते एकाच वेगात चालवायचे. मागून डंपरवाले शिव्या घालत होते आणि काका शांत. मावशी दारात बसून सुपात सुकट निवडत होती. काकांनी ओळखपाळख काही केली नाही. नमस्कार केला, ओट्यावर छोटा स्पीकर ठेवला आणि गाणं लावलं.

"खाडीपल्यारशी हलद आली गो, हलद आली…"

सुपातला हात थांबला. पहिली जागा रिकामी गेली. दुसरी ओळ झाली. आणि दुसऱ्या जागेत म्हातारीने, मान वर न करता, ती ओळ उचलली. बारीक, चिरका आवाज. तिची ओळ संपली त्याच ठोक्याला स्पीकरमधून तिसरी ओळ आली. ना ताणलेलं, ना आवळलेलं. मी दोन वर्षं कोर्स केला होता, पण दोन आवाज असे एकमेकांत बसलेले मी तोवर ऐकले नव्हते. मी काकांच्या कानात पुटपुटले, "रेकॉर्ड होतंय ना?"

काकांनी माइक पिशवीतून काढलाच नव्हता.

शेवटच्या ओळीच्या आधीच मावशीने हाताने खूण केली, बंद करा. काकांनी केलं. म्हातारी पदराने तोंड पुसत म्हणाली, "ही मेली माज्याशिवाय गायली व्हय?"

"तुमच्याशिवाय नाही गायली," काका म्हणाले. "जागा सोडलीय तुमची."

पोरीच्या हळदीला याल का, असं त्यांनी विचारलं. "बसायला येन," मावशी म्हणाली. "पोरीचा लगीन हाय. पन गायाला नाय. जोडी गेली का गाना गेला." काका बरं म्हणाले आणि उठले.

रस्त्यावर मी त्यांच्याशी भांडले. मागच्या सीटवरून भांडायला आवाज फार लागतो, तो मी लावला. म्हटलं, रेकॉर्ड केलं असतं तर काम झालं होतं! निदान दोनदा विनवायचं तरी! तुमचं तत्त्व आणि त्या पोरीचं लग्न! काका म्हणाले, "तिलाही ताणू का?" पनवेलला पोचल्यावर मी गुपचूप माझं एकशे सव्वीसचं गाणं पेनड्राइव्हवर घालून भावाकडे दिलं. काका गाढव ठरले तर पोरीच्या हळदीत आई निदान ठेक्यावर तरी असावी.

हळदीला मांडव खच्चून भरला होता. मावशी आली होती. पोराने आणून पहिल्या रांगेत खुर्चीत बसवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती, "बसायला आलंय. गायाला नाय." तिच्या खुर्चीसमोर स्टँडवर एक माइक होता. तो तिथे काकांनी ठेवला होता आणि त्याबद्दल तिला एक शब्द बोलले नव्हते. स्वतः डीजेवाल्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी मागे उभी होते. डीजेवाल्याच्या मशीनला माझा पेनड्राइव्ह लावलेला मला दिसत होता.

नवरीला पाटावर बसवलं. हळदीची ताटली आली. काकांनी मूळ गाणं लावलं. खाली ढोल नाही, बँजो नाही, नुसता तो वाळलेला आवाज एवढ्या मोठ्या स्पीकरमधून. नाचायला उभी राहिलेली पोरं जागच्या जागी थांबली. ओळ संपली आणि रिकामी जागा आली. सगळ्या मांडवात शांतता. कोणीतरी मागून म्हणालं, "बंद परला काय रं?" भावाने डीजेवाल्याला मान हलवून खूण केली आणि त्याचं बोट माझ्या गाण्याच्या बटणाकडे गेलं. काकांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"पहिली जागा ती सोडणार," ते हळूच म्हणाले. "पहिलीत ती ऐकते."

दुसरी ओळ आली. नवरीच्या गालाला पहिली हळद लागली. ओळ संपली. मी देवाचं नाव घेतलं, आणि मावशीने खुर्चीत बसल्या बसल्या, माइककडे न बघता, ओळ उचलली.

मग मी कोणाकडे बघू हेच मला कळेना. भाऊ तोंडावर हात धरून उभा होता. मागच्या बायकांपैकी दोघी-तिघी चौथ्या जागेत मावशीबरोबर गायला लागल्या, मग दहा-बारा. नवरी सरळ बसली होती, हळदीतून पाण्याच्या दोन रेघा खाली येत होत्या. एक ओळ आई म्हणत होती, तीच मावशी उचलत होती, हळद लागत होती. हेच राहिलं होतं. काकांची चप्पल मी बघितली. ती हलत नव्हती.

शेवटची ओळ झाली, मावशीने ती उचलून खाली ठेवली. स्पीकरमध्ये खरखर सुरू झाली. फोन चालूच राहिला होता. मी जो शेवट कचरा म्हणून कापला होता, तो. मी तो कधी पुरता ऐकलाच नव्हता. खरखर, भांड्याचा आवाज, मग फोनच्या अगदी जवळ येऊन ती आई वैतागून म्हणाली, "अगो, आता ह्यो बंद कसा कराचा?"

अख्खा मांडव हसला. नवरी हसली, हळदीच्या हातांनी तोंड झाकून, हसताना रडली. आणि त्या हसण्यात, बरोबर आठ ठोके गेल्यावर, मावशी त्या स्पीकरकडे बघून म्हणाली,

"ऱ्हाव दे गो. चालूच ऱ्हाव दे."